सुपरचार्जरवाली मस्टँग डायनोवर चढते तेव्हा

१९९९ साली फोर्डच्या एसव्हीटी या जोरकस गाड्या बनवणाऱ्या विभागाने अमेरिकेत नवी मस्टँग कोब्रा विकायला काढली. कागदावर ३२० हॉर्सपॉवर, म्हणजे आदल्या वर्षीच्या कोब्रापेक्षा १५ जास्त. हौशी मालकांनी गाड्या डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, चढवल्या आणि आकडे जुळेनात. नवी गाडी जुनीपेक्षा पुढे आहे असं काही दिसेना. ओरड इतकी झाली, की फोर्डने ऑगस्टमध्ये विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट व इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून दिला. २००० साली नेहमीची कोब्रा निघालीच नाही.

पुढे याच विभागाने, जॉन कोलेटी प्रमुख असताना, २००३ च्या मॉडेलची कोब्रा आणली, सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, लावलेली. ‘टर्मिनेटर’ हे तिचं टोपणनाव आजही चालतं. कंपनीने सांगितली ३९० हॉर्सपॉवर. लोकांनी पुन्हा डायनो गाठला, तर या वेळी मागच्या चाकांपाशीच ३६० च्या आसपास आकडा येऊ लागला. इंजिनापासून चाकापर्यंत येताना काही पॉवर गळतेच, तेव्हा इंजिन ३९० पेक्षा बरंच जास्त देत असणार हे उघड होतं. दोन्ही वेळा खरं काय ते कंपनीच्या पत्रकाने सांगितलं नाही, डायनोने सांगितलं.

सुपरचार्जरवाल्या गाडीचं डायनो ट्यूनिंग, म्हणजे डायनोवर मोजत मोजत पेट्रोल आणि ठिणगीचं गणित बसवणं, समजून घ्यायला ही २००३-०४ ची कोब्रा फार चांगली गाडी आहे. इंजिन ४.६ लिटरचं, व्ही-८, ३२ व्हॉल्व्हचं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड फोर्ज केलेले, कॉम्प्रेशन रेशो (सिलेंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५ ला १, म्हणजे मुद्दाम कमी ठेवलेला. कंपनीने आतला सांगाडा गरजेपेक्षा दणकट बनवला होता. म्हणूनच जगभरच्या ट्यूनर लोकांनी ती उचलून धरली.

आधी एक गैरसमज काढून टाकू. डायनोवर गाडी चढवली म्हणून पॉवर वाढत नाही. डायनो फक्त मोजतो. पॉवर वाढते ती जास्त हवेमुळे, आणि डायनोवर दिवसभर जे चालतं ते त्या जास्त हवेने इंजिन फुटू नये यासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप जागेवर पडतं.

हवा किती, कुठून आणि किती गरम

पेट्रोल वाढवणं सोपं आहे, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे लावले की झालं. पण ते पेट्रोल जाळायला हवा लागते आणि हवेवरच सगळं अडतं. ४.६ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला फिरतं तेव्हा दर मिनिटाला साधारण १३,८०० लिटर हवा गिळू शकतं, कारण चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो. साध्या इंजिनात ही हवा वातावरणाच्या दाबाने आत जाते. त्यापेक्षा जास्त हवा कोंबायची असेल तर ढकलणारं काहीतरी हवं.

ते काम सुपरचार्जर करतो. टर्बो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो. सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकवरून बेल्टने फिरतो. कोब्रात ईटन कंपनीचा एम-११२ हा रूट्स जातीचा सुपरचार्जर आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी १८६० साली या रचनेचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारीचा पत्ताही नव्हता. त्यांना कारखान्यासाठी हवेचा भाता हवा होता. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवेचे घास उचलून पलीकडे टाकतात. एम-११२ मधले ११२ म्हणजे एका फेरीत उचललेली हवा, घन इंचांत. लिटरमध्ये १.८ हून थोडी जास्त.

कारखान्यातून गाडी साधारण ८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्टवर, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढ्या जास्त दाबावर, येते. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय, म्हणजे इंजिनाला दीडपटीहून किंचित जास्त दाबाची हवा मिळते. ढोबळ हिशोब केला तर पूर्ण आरपीएमला दर मिनिटाला २० किलोच्या आसपास हवा या इंजिनातून जाते. वीस किलो हवा, एका मिनिटात. तिच्या जोडीला पावणेदोन किलो पेट्रोल.

आता पॉवर वाढवायची तर पहिली युक्ती अगदी साधी: सुपरचार्जरच्या तोंडावरची पुली लहान बसवायची. पुली लहान झाली की क्रँकच्या त्याच फेऱ्यांत रोटर जास्त फिरतात, जास्त हवा ढकलतात, बूस्ट ८ चा १२-१३ होतो. बाहेरून पाहिलं तर तळहातावर मावणारा एक धातूचा तुकडा बदललाय, एवढंच. आतमध्ये मात्र सगळी गणितं बदलतात.

सगळ्यात आधी उष्णता. सायकलचा पंप मारताना तो तळाशी गरम होतो, तीच गोष्ट इथे प्रचंड प्रमाणात होते. २५ अंश सेल्सियसची हवा ८ पीएसआयपर्यंत दाबली तर आदर्श यंत्रातही ती ६४ अंशांपर्यंत जाईल. रूट्स सुपरचार्जर आदर्श नसतो, त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर आकडा ९० अंशांवर जातो. बूस्ट १३ वर नेला आणि रोटर आणखी जोरात फिरवल्यामुळे कार्यक्षमता ५५ वर आली, तर हवा १३० अंश ओलांडते. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाब वाढला तरी हवेचं वजन त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय ती सिलेंडरमध्ये आग लवकर भडकवते. म्हणून सुपरचार्जरखाली इंटरकूलर असतो. कोब्रात तो पाण्यावर चालणारा आहे. हवेची उष्णता पाण्यात, पाण्याची उष्णता गाडीच्या नाकाशी बसवलेल्या वेगळ्या रेडिएटरमध्ये.

दुसरी गोष्ट, सुपरचार्जर फुकट फिरत नाही. मूळ पुलीवर तो इंजिनाचेच अंदाजे ३० ते ४० हॉर्सपॉवर खातो. लहान पुलीवर हा आकडा ६० च्या पुढेही जाऊ शकतो. म्हणजे पुली लहान करत गेलं की एक वेळ अशी येते, की वाढीव हवेने मिळवलेलं सगळं सुपरचार्जर फिरवण्यात आणि हवा तापवण्यात जातं. बूस्ट गेजचा काटा वर चढलेला दिसतो, डायनोची रेघ जागची हलत नाही. बूस्ट म्हणजे पॉवर नव्हे, हे डायनोवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

रोलरवर नेमकं काय मोजतात

गाडीची मागची चाकं जमिनीत बसवलेल्या जड रोलरवर येतात. पट्ट्यांनी गाडी चारही बाजूंनी आवळतात, पुढे मोठा पंखा लावतात, एक्झॉस्टच्या पाइपात हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवतात. मग गाडी चौथ्या गिअरला. कोब्राच्या टी-५६ गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर १ ला १ असतो, त्यामुळे गिअरबॉक्सची गुणाकाराची भानगड राहत नाही. २००० आरपीएमच्या आसपास पाय पूर्ण खाली. आवाज इतका वाढतो की बाजूच्याशी बोलता येत नाही. सुपरचार्जरची शिट्टी एक्झॉस्टच्याही वर ऐकू येते. दहा-बारा सेकंदांत ६५०० आरपीएम, आणि पाय वर. याला म्हणतात एक ‘पुल’.

डायनोजेट जातीच्या डायनोत रोलरचं वजन आणि आकार ठरलेला असतो. तेवढा जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरून पॉवर काढतात. दुसऱ्या जातीच्या डायनोत विजेच्या ब्रेकने रोलरला अडवता येतं, म्हणजे इंजिन ४००० आरपीएमवर धरून ठेवून तिथला एकेक आकडा तपासता येतो. ट्यूनिंगसाठी मला हा दुसरा प्रकार जास्त कामाचा वाटतो, कारण रस्त्यावर गाडी काही फक्त खालून वर सुसाट जात नाही. ती चढावर एका आरपीएमला घाम गाळत असते. हे अडवणारे डायनो बहुतेक वेळा आकडा कमी दाखवतात. म्हणून दोन वेगळ्या डायनोंवरचे आकडे एकमेकांशी भिडवण्यात अर्थ नाही. एकाच डायनोवर, एकाच दिवशी, आधी आणि नंतर, ही तुलना खरी.

हवामानाचाही हिशोब असतो. एसएई या मोटार इंजिनियरांच्या संस्थेच्या जे-१३४९ मानकानुसार आकडा २५ अंश सेल्सियस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेला आणून ठेवतात. जुन्या ‘एसटीडी’ पद्धतीने तोच पुल साधारण ४ टक्के जास्त दिसतो. ४०० च्या गाडीला फुकटात १६ हॉर्सपॉवर! कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कोणती पद्धत लिहिली आहे ते आधी वाचावं. हवेचा फरक किती पडतो याचा अंदाज आपल्याकडेही येतो: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्के कमी. तीच गाडी, तेच पेट्रोल, तरी घाट चढून आल्यावर साधं इंजिन तेवढं हलकं पडतं.

आणि ते ‘१५ टक्के गळती’चं प्रकरण. चाकापाशी आलेला आकडा ०.८५ ने भागायचा आणि इंजिनाची पॉवर जाहीर करायची, अशी सर्रास पद्धत आहे. ३६० ला ०.८५ ने भागलं की ४२४ येतात. अंदाज म्हणून ठीक, पण गळती ही ठरावीक टक्केवारी नसते. गिअर, बेअरिंग, टायर, तेलाचं तापमान, आरपीएम, सगळ्यांवर ती बदलते. चाकापाशी जे मोजलं तेच सांगावं.

हवा, पेट्रोल आणि ठिणगी

आता मूळ काम. डायनो चालवणाऱ्याच्या पडद्यावर टॉर्क आणि पॉवरच्या रेघा असतात. नवखा माणूस त्यांच्याकडे पाहतो. जाणता ट्यूनर पहिल्यांदा खालच्या रेघेकडे पाहतो: हवा-पेट्रोलचं प्रमाण.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. बूस्टखाली मात्र कोणी शहाणा माणूस १४.७ वर इंजिन चालवत नाही. ११.५ ते १२ पर्यंत मिश्रण दाट ठेवतात. जास्तीचं पेट्रोल जळतच नाही. ते वाफ होताना सिलेंडरमधली उष्णता शोषून घेतं आणि पिस्टनच्या माथ्याला वाचवतं. ट्यूनर मंडळी हल्ली हे प्रमाण ‘लॅम्डा’त बोलतात: पूर्ण जळणारं मिश्रण म्हणजे १, आणि ११.७ म्हणजे साधारण ०.८. यात शहाणपण आहे, कारण पेट्रोलात इथेनॉल मिसळलं की १४.७ हा आकडाच खोटा ठरतो. १० टक्के इथेनॉलला तो १४.१ च्या आसपास येतो, आपल्याकडच्या २० टक्क्यांना आणखी खाली. लॅम्डा मात्र तेच राहतं.

समजा लहान पुली लावून पहिला पुल घेतला. ३००० पासून ५५०० पर्यंत ११.६, सरळ रेघ. ५६०० ला रेघ वर वळते: १२.१, १२.४, १२.८. इथे ट्यूनरचा पाय लगेच वर येतो. पॉवरची रेघ त्या क्षणी छान चढत असते, कारण थोडं पातळ मिश्रण पॉवर जास्तच देतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. दिसायला सगळं उत्तम आणि आत पिस्टन वितळायच्या वाटेवर.

कारण शोधायला मग इंजेक्टरकडे जावं लागतं. कोब्रात ताशी ३९ पौंडांचे इंजेक्टर येतात, म्हणजे प्रत्येकी मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या जरा पुढे. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं. इंजेक्टर त्यातले १७ मिलिसेकंद उघडा असेल तर तो ८५ टक्के कामावर आहे. त्याच्या वर गेलं की त्याला बंद व्हायलाच वेळ मिळत नाही, आणि आणखी मागितलं तरी द्यायला काही उरत नाही. कधी इंजेक्टर ठीक असतात पण पंपाचा दाब पडतो. कधी हवा मोजणारा मास एअर सेन्सर ५ व्होल्टला टेकलेला असतो. त्यापुढे हवा कितीही आली तरी कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. तिन्हींचं लक्षण एकच, मिश्रण पातळ होणं. म्हणून लॉगमध्ये, म्हणजे पुलच्या वेळी कॉम्प्युटरने टिपलेल्या नोंदींत, तिन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवून बघाव्या लागतात. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘पेट्रोल वाढव’ लिहून यातलं काहीही सुटत नाही.

मग इग्निशन टायमिंग, या कामातली सगळ्यात नाजूक जागा. ठिणगी पडल्यावर मिश्रण क्षणात स्फोट पावतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ज्वाला प्लगपासून कडेपर्यंत पसरत जाते, तिला वेळ लागतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकावी लागते. झोक्याला धक्का कधी देतो आपण? झोका मागे टोकाला जाऊन परतायला लागला की. तो अजून मागे येत असतानाच ढकललं तर हातालाच झटका बसतो, उशिरा ढकललं तर जोर वाया. सिलेंडरमधला दाब पिस्टन वरच्या टोकावरून परत निघाल्यावर, क्रँक साधारण १५ अंश पुढे गेला असताना शिखरावर असावा. ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग. ट्यूनर तेवढ्या फरकावर काम करतो.

बूस्ट वाढला की मिश्रण घट्ट होतं, भरभर जळतं, म्हणून टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकावी लागते. पंपावरच्या पेट्रोलवर अशा इंजिनात पूर्ण बूस्टला ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी २० अंशांच्या अलीकडे-पलीकडे टाकून काम चालतं. पुढे नेलं की पॉवर वाढते, वाढते, आणि मग नॉकिंग सुरू होतं. ज्वाला पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, दाबाची लाट सिलेंडरभर आदळते. मोकळ्या रस्त्यावर चुकीच्या गिअरला चढ चढताना जुन्या गाडीचा जो टणटण आवाज यायचा, तोच हा. पण ८ सिलेंडर, १३ पीएसआय आणि डायनोच्या गोंगाटात तो कानाला ऐकू येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटायला मात्र काही सेकंद पुरतात. ब्लॉकला लावलेला नॉक सेन्सर, काही ट्यूनर लावतात ते हेडफोन, आणि पुल झाल्यावर प्लग काढून भिंगाखाली पाहणं, हे तिन्ही वापरावेत. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे-रुपेरी ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियमचे कण असू शकतात, म्हणजे पिस्टनची साल निघायला लागली.

टायमिंग किती पुढे नेता येईल हे पेट्रोलच्या ऑक्टेनवर ठरतं. अमेरिकेत पंपावर लिहिलेला आकडा आणि आपल्याकडचा आकडा एक नाही. तिथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपण आरओएन, म्हणजे त्यातल्या एकाच चाचणीचा आकडा, लिहितो. तिथलं ९३ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९८. कॅलिफोर्नियात प्रीमियम म्हणून ९१ मिळतं, न्यू जर्सीत ९३. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने तिथे ट्यून केलेली गाडी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्या भावाला विकली, तर ट्यून बदलल्याशिवाय ती जोरात चालवणं धोक्याचं. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ आरओएनचं होतं; इंडियन ऑइलने २०२० च्या अखेरीस १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० काढलं, पुणे-मुंबई पहिल्या शहरांत होती. ज्या पेट्रोलवर ट्यून केलं तेच नेहमी मिळणार आहे का, हा प्रश्न पुली मागवायच्या आधी विचारायचा.

माझं ठाम मत असं, की चांगला ट्यूनर टायमिंग पॉवर थांबते तिथपर्यंत नेत नाही, त्याच्या दोन अंश अलीकडे थांबतो. शेवटचे दोन अंश जेमतेम पाच-सात हॉर्सपॉवर देतात आणि एखाद्या भर दुपारी, भेसळीच्या पेट्रोलवर, अख्खं इंजिन घेतात. असा थोडं हातचं राखून काम करणारा माणूस सापडला तर त्याला जास्त पैसे द्यावेत.

कोब्राच्या बाबतीत लहान पुली, मोकळं इनटेक, एक दर्जा ‘थंड’ (म्हणजे उष्णता लवकर सोडणारे) प्लग आणि नीट केलेलं ट्यून एवढ्यावर चाकापाशी ४२० ते ४५० च्या घरात आकडे येतात. दर पुलनंतर इंटरकूलरचं पाणी थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. लागोपाठ तीन पुल घेतले की तिसरा पहिल्यापेक्षा कमी येतो. तसाच वरच्या आरपीएमला बूस्ट अचानक घसरला तर बेल्ट पुलीवर सटकतोय, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नये.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाशी छेडछाड करणं संघराज्याच्या कायद्याने बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागांना तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फेरफार करू देत नाही. ट्रॅकसाठीची गाडी आणि रोजची गाडी वेगळी ठेवणं हाच सरळ मार्ग.

डायनोवरून उतरल्यावर काम संपत नाही. पंखा कितीही मोठा असला तरी तो १२० च्या वेगातल्या वाऱ्याची जागा घेत नाही, आणि रोलरला चढ-उतार नसतो. म्हणून लॅपटॉप जोडलेलाच ठेवून, ट्रॅकवर किंवा बंद रस्त्यावर, शक्यतो उन्हाच्या वेळी, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला तेच लॉग पुन्हा घ्यायचे: मिश्रण, टायमिंग, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इंजेक्टर किती टक्के उघडा, नॉक सेन्सर काय म्हणतो. डायनोवरच्या रेघांशी ते जुळले तर ट्यून पक्कं. पैसे देताना पॉवरचा छापील कागद तर घ्याच, पण ट्यूनची फाइल आणि हे लॉगही पेनड्राइव्हवर मागून घ्या. पुढे इंजेक्टर बदलला किंवा गाव बदललं, तर दुसऱ्या ट्यूनरला सुरुवात तिथूनच करावी लागेल.